उडत्या तबकड्यांची सरकारी चौकशी

‘सर, उडत्या तबकड्या खऱ्या असतात का?’ खगोलशास्त्राचा धडा सुरू झाला की हा प्रश्न हमखास निघतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून तो मिटवण्यापेक्षा, अमेरिकेच्या हवाई दलाने त्याचा सुमारे बावीस वर्षे कसा पाठपुरावा केला, हे मुलांना सांगणे अधिक उपयोगी आहे.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाईल तशा त्या जात होत्या, असे त्याने सांगितले. उपमा होती गतीला. वृत्तपत्रांनी ती आकाराला जोडली. ‘उडती तबकडी’ हा शब्द रूढ झाला आणि लोकांनाही तबकड्याच दिसू लागल्या!

ते दिवस शीतयुद्धाचे होते. या वस्तू रशियाच्या तर नाहीत ना, ही हवाई दलाची मोठी चिंता होती. म्हणून १९४८ मध्ये ‘साइन’, १९४९ मध्ये ‘ग्रज’ आणि १९५२ मध्ये ‘ब्लू बुक’ या नावाने चौकशी झाली. अॅलन हायनेक हे खगोलशास्त्रज्ञ तिचे सल्लागार होते.

७ जानेवारी १९४८ रोजी केंटकी राज्यात अशाच एका वस्तूचा पाठलाग करताना कॅप्टन थॉमस मँटेल यांचे विमान कोसळले व ते मरण पावले. प्राणवायूची सोय नसताना ते फार उंच गेले होते. ती वस्तू शुक्र असावी, असे आधी सांगितले गेले. पुढे मात्र ते नौदलाच्या गुप्त ‘स्कायहुक’ प्रकल्पातील प्रचंड फुगा असावा, असे मानले गेले.

येथेच या चौकशीची खरी अडचण दिसते. तपास करणारे सरकार आणि आकाशात गुप्त वस्तू सोडणारे सरकार एकच होते. १९५५ पासून ‘यू-२’ हे टेहळणी विमान साठ हजार फुटांहून उंच उडू लागले. खाली संध्याकाळ झालेली असताना त्याच्या पंखांवर ऊन चमके. लोकांनी विचारले तर बर्फाचे कण, हवेतील तापमानाचे थर अशी उत्तरे दिली जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या दशकात आलेल्या वृत्तांपैकी निम्म्याहून अधिक अशा गुप्त विमानांमुळे होती, असे सीआयएच्या १९९७ मधील एका लेखात म्हटले आहे. आकडा त्या संस्थेचाच आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९६६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन या भौतिकशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र अभ्यास सुरू झाला. या विषयातून विज्ञानात भर पडण्याची फारशी आशा नाही, असा त्याचा निष्कर्ष १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘ब्लू बुक’ बंद करण्याची घोषणा झाली. एकूण नोंदी १२,६१८. त्यांपैकी ७०१ ‘अज्ञात’ राहिल्या, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के.

या ७०१ नोंदींचा अर्थ काय? ‘ओळख पटली नाही’ एवढाच. ‘परग्रहावरून आली’ हे वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. उलट, न उलगडलेली नोंद कशीबशी शुक्राच्या माथी मारणे हेही विज्ञान नव्हे. २०२३ मध्ये नासाच्या अभ्यासगटानेही हेच सांगितले: परग्रहवासीयांचा पुरावा नाही, पण उपलब्ध निरीक्षणेही फार अपुरी आहेत.

तेव्हा एखादा विद्यार्थी ‘मी पाहिली’ म्हणाला तर हसू नये. वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि ती किती वेळ दिसली, हे त्याला लिहायला सांगावे. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते. मग शुक्र, विमान, उपग्रह एकेक तपासावे. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर वहीत ‘माहीत नाही’ असे लिहावे. तेही एक प्रामाणिक उत्तर आहे.