सामायिक ड्राइव्हवरील प्रवेशाधिकार

कार्यालयातील संगणक जाळ्याने जोडून एका सर्व्हरवरची जागा सर्वांना वापरायला दिली, की तिला सामायिक ड्राइव्ह म्हणतात. या जागेतील कोणते फोल्डर कोणाला दिसावे, कोणी फक्त वाचावे, कोणी लिहावे, कोणी पुसावे हे ठरवणे, नोंदवून ठेवणे आणि वेळ आली की काढून घेणे म्हणजे प्रवेशाधिकारांचे व्यवस्थापन. यातले पहिले दोन भाग बहुतेक ठिकाणी होतात. तिसरा राहून जातो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा या विषयाशी संबंध संगणकाच्या आधीपासूनचा आहे. 1980च्या दशकाच्या पूर्वार्धात येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी, प्रत्येक संकलनाला (कामाच्या टेबलाला) ठरलेले काम आणि अभिलेख कक्षात वर्गवारीने लावलेली दप्तरे ही तिची ठळक अंगे. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद, असे ते सहा गठ्ठे. अव्वल कारकून बदलून गेला तरी संकलन जागेवर राहते आणि गठ्ठे त्या संकलनाचे असतात. सामायिक ड्राइव्हचे अधिकार वाटणाऱ्याने एवढे एकच तत्त्व पाळले तरी निम्मे काम झाले. योगायोग असा, की संगणकांनी फाइली वाटून घ्यायचा एसएमबी हा प्रोटोकॉलही आयबीएममध्ये त्याच सुमारास, 1983 मध्ये, आकाराला आला.

विंडोज सर्व्हरवर अधिकाराची दोन दारे असतात. पहिले शेअरचे, म्हणजे जाळ्यावर वाटलेल्या फोल्डरचे: वाचन, बदल, पूर्ण नियंत्रण. दुसरे डिस्कवरील एनटीएफएस या फाइलप्रणालीचे (1993पासून, विंडोज एनटीबरोबर आलेले), आणि त्यात बारकावे अधिक. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जे कडक असेल तेच लागू पडते. शेअरवर ‘वाचन’ ठेवून एनटीएफएसवर कितीही उदारपणा दाखवला, तरी टंकलेखकाला फाइल साठवता येणार नाही. ‘सगळे दिले आहे, तरी चालत नाही’ या तक्रारीचे हे नेहमीचे कारण. म्हणून शेअरचे दार सैल ठेवून खरा बंदोबस्त एनटीएफएसवर करण्याचा प्रघात आहे. लिनक्समध्ये मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग आणि वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन खुणा असतात. ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमुळे असा सर्व्हरही विंडोजच्या संगणकांना आपलाच वाटतो. फोल्डरला 2770 ही परवानगी दिली, की आत तयार होणाऱ्या नव्या फाइलींना फोल्डरचाच गट मिळतो.

अधिकार माणसाच्या नावावर टाकू नयेत, गटाच्या नावावर टाकावेत. जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या ठिकाणी आस्थापना, महसूल, भूसंपादन, पुरवठा, निवडणूक अशा शाखांचे फोल्डर, आणि प्रत्येकाला दोन गट: एक वाचणाऱ्यांचा, एक बदल करणाऱ्यांचा. बदलून आलेल्या लिपिकाला संकलनाच्या गटात घातले, गेलेल्याला काढले, की फोल्डरला हात लावावा लागत नाही. मात्र गटातला बदल त्या कर्मचाऱ्याने पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. हे माहीत नसल्याने गोंधळून थेट नावावर अधिकार देणारे पुष्कळ असतात, आणि तिथून यादी बिघडू लागते.

वरच्या फोल्डरचे अधिकार खाली वारशाने उतरतात. हा वारसा मध्येच तोडणे सोपे, पण कुठे तोडला ते लक्षात ठेवणे अवघड. गोपनीय अहवालांसारख्या फोल्डरसाठी तो आत खोलवर तोडण्यापेक्षा ते फोल्डर वरच वेगळे काढावे. ‘नकार’ हा अधिकार शक्यतो वापरू नये. थेट दिलेली मुभा वारशाने आलेल्या नकारावर मात करते, हे ऐनवेळी कोणाला आठवत नाही. एकाच डिस्कवर फाइल हलवली तर ती जुने अधिकार बरोबर नेते, प्रत काढली तर नव्या जागेचे घेते. आस्थापनेचा कागद चुकून सर्वांसमोर येतो तो बऱ्याचदा याच वाटेने. ‘लिहू द्या, पण पुसू देऊ नका’ ही साहेबांची आवडती मागणी वर्ड-एक्सेलच्या फाइलींवर टिकत नाही. ही सॉफ्टवेअर साठवताना तात्पुरती फाइल बनवून जुनी पुसतात, त्यामुळे पुसण्याचा अधिकार नसला तर साठवणेच अडते. त्यावर उपाय रोजची बॅकअप प्रत हाच आहे, आणि ती प्रत त्याच ड्राइव्हवर ठेवायची नाही. खंडणीखोर विषाणू ज्याच्या लॉगिनमधून शिरतो त्याचेच अधिकार वापरून फाइली कुलूपबंद करतो. ज्याला सगळीकडे ‘पूर्ण नियंत्रण’, त्याच्या एका क्लिकने सगळे जाते.

अधिकारांची फाळणी महसुली कायद्याला नवी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 150 प्रमाणे फेरफाराची नोंद तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी) घ्यायची आणि ती प्रमाणित मंडळ अधिकाऱ्याने करायची. ई-फेरफार या संगणकप्रणालीमध्ये हीच वाटणी दोन लॉगिनमध्ये आली. सामायिक ड्राइव्हवर असा कायदा नसतो. तिथे शाखाप्रमुखाने लेखी दिलेली यादीच कायदा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 व 66 खाली विनापरवानगी प्रवेश हा गुन्हा ठरू शकतो, पण परवानगी होती की नव्हती हे दाखवायला कागद लागतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार शासकीय कार्यालयांसह संस्थांनी संगणकप्रणालींचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत. कोणती फाइल कोणी उघडली हे मात्र सर्व्हर आपण होऊन लिहीत नाही, ती तपासणी मुद्दाम चालू करावी लागते.

राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात साधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, म्हणजे अधिकार काढून घेण्याची वेळ येतच राहते. कार्यभार सोपवताना कपाटाच्या चाव्या, नोंदवह्या, संचिका यांची यादी होते, सही होते. त्याच यादीत लॉगिन आणि गट यांचा रकाना हवा. छापील नमुन्यात नसेल तर आस्थापना शाखेने तो हाताने आखून घ्यावा.