भात्याच्या घड्यांतला इतिहास

मराठीत छायाचित्रणाच्या इतिहासावर जे थोडेफार लिहिले गेले आहे, ते बहुतेक छायाचित्रे आणि छायाचित्रकार यांच्याविषयी आहे. १८५४ साली स्थापन झालेली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी, तिचे सदस्य असलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण, पुढे राजा दीनदयाळ, ही ओळ अभ्यासकांना ठाऊक असते. या मंडळींची यंत्रे विलायतेहून आली, एवढे एक वाक्य लिहून आपण पुढे जातो. पण विलायतेहून आलेले लाकडी यंत्र इथल्या पावसाळ्यात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात पन्नास-साठ वर्षे चालते ठेवायचे म्हणजे काय, आणि ते कोणी ठेवले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एका कॅमेऱ्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने मला त्याचा थोडा माग लागला, तो इथे मांडतो.

हा कॅमेरा तालुक्याच्या गावातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून माझ्याकडे आला. महोगनीचे लाकूड, पितळी कोपरे, मागे दुधी काच आणि पुढे-मागे सरकणारा घड्यांचा भाता. माप फुल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. हे माप थेट १८३९ सालच्या दागेरच्या पत्र्यापासून चालत आले आहे. एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याची गरज का होती, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. निगेटिव्ह कागदावर टेकवून उन्हात किंवा दिव्याखाली छापायची पद्धत होती. त्यामुळे फोटो जेवढा हवा, तेवढीच काच घ्यावी लागे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धत दिली. तिच्यात काच ओली असेतोवरच फोटो घेऊन धुवावी लागे आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मुदत आणखीच तोकडी होई. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली, तेव्हा काचा पेटीत भरून कुठेही नेता येऊ लागल्या. माझा कॅमेरा या कोरड्या काचेच्या काळातला आहे.

कॅमेऱ्यावर कारखान्याचे नाव नाही. नावाची पट्टी होती तिथे दोन भोके उरली आहेत. तेव्हा ओळख पटवायची तर यंत्रच वाचणे भाग होते. स्क्रू तीन जातींचे निघाले. तळाच्या फळीची एक कड महोगनीची नसून सागाची आहे, आणि तिचा सांधा इतका चपखल आहे की तेलाचा हात फिरवेपर्यंत रंगातला फरक दिसला नव्हता. काचा ठेवायच्या लाकडी खणांवर, ज्यांना स्टुडिओवाले डार्क स्लाइड म्हणत, मूळचे इंग्रजी आकडे खरवडून १ ते ६ असे मराठी आकडे पांढऱ्या रंगात घातले आहेत. अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला कोणते आकडे वाचता येत, याचा हा लहानसा पुरावा.

सर्वांत बोलका निघाला तो भाता. रात्री दिवे मालवून मी त्याच्या आत छोटा दिवा ठेवला, तर घड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून चांदणे दिसावे तसा उजेड बाहेर येत होता. काही कोपऱ्यांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळे होती. भाता म्हणजे नुसते चामडे किंवा कापड नसते. बाहेरचा पदर, आतले काळे अस्तर आणि दोहोंच्या मध्ये पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या असतात. या पट्ट्यांमुळे घडी ठरल्या जागीच पडते. एका बाजूचे अस्तर सुटले होते. ते उचलले, तेव्हा पट्ट्यांवर मराठी छपाई दिसली. लग्नपत्रिका कापून त्या पट्ट्या केल्या होत्या. एका तुकड्यावर कोणा वधूच्या नावाची शेवटची दोन अक्षरे होती, दुसऱ्यावर ‘शके १८७१’.

शके १८७१ म्हणजे इ.स. १९४९-५०. पत्रिका जुनी असू शकते, पण भाता तिच्या आधी बनलेला असू शकत नाही. म्हणजे हा भाता विलायती नव्हे. स्वातंत्र्यानंतर कोणीतरी इथेच तो घडवला. काळही जुळतो. आयातीवर परवान्यांची बंधने येत होती आणि परदेशी सुटा भाग मागवणे लहान गावातल्या स्टुडिओच्या आवाक्याबाहेरचे होते. मग भाता कोण बनवणार? हवा धरणारा भाता ज्याच्या रोजच्या हातातला, तो. म्हणजे बाजाची पेटी दुरुस्त करणारा.

हा तर्क मी एरवी लिहिण्याचे धाडस केले नसते. पण केरळात अगदी असेच घडल्याची नोंद आहे. आलप्पुळा इथले स्टुडिओचालक पद्मनाभन नायर यांच्या विलायती कॅमेऱ्याचा भाता १९४०च्या दशकात फाटला. तो त्यांनी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या कुंजू कुंजू भागवतर यांच्याकडे नेला. भागवतरांचे चिरंजीव के. करुणाकरन यांनी त्या कामात लक्ष घातले आणि दुरुस्ती करता करता यंत्र समजून घेतले. त्यातून त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. लाकूड आणि पितळ इथले, भिंग तेवढे परदेशी. ‘वागीश्वरी’ या नावाने तो कॅमेरा पुढची काही दशके देशातल्या अनेक स्टुडिओंत उभा होता. एका फाटक्या भात्यातून कारखाना निघाला, आणि कारखान्याला नाव मिळाले ते वाणीच्या देवतेचे!

यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही, कारण कसब असेच एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाते. मिरजेचे तंतुवाद्यकार मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा ते हात तंबोऱ्याकडे वळले. विलायतेतही तेच दिसते. इमारतींचे फोटो घेताना कॅमेरा वर कलवला की भिंती तिरक्या दिसतात. यावर तोड म्हणून भिंगाची चौकट वर-खाली आणि पुढे-मागे मनाजोगती हलवता येईल अशी रचना फ्रेडरिक सँडरसनने १८९५ साली पेटंट केली. तो केंब्रिजचा सुतार होता, लाकूड आणि दगड कोरणारा. मात्र सँडरसनचे नाव कॅमेऱ्यावर कोरले गेले, आणि माझ्या कॅमेऱ्याचा भाता शिवणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

मी भाता घेऊन आमच्या भागातल्या एका पेटीवाल्यांकडे गेलो. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. त्यांनी भाता दोन्ही हातांनी ताणला, कानाशी नेला आणि म्हणाले, “साहेब, हा वारा धरत नाही.” मी म्हटले, “काका, याने वारा नाही, उजेड धरायचा.” ते हसले. “मग सोपं आहे. उजेड वाकडा जात नाही, वारा जातो.”

हे एक वाक्य मला कॅमेऱ्याच्या कोणत्याही पुस्तकाने दिले नव्हते. पेटीचा भाता हवाबंद हवा. कॅमेऱ्याचा भाता प्रकाशबंद हवा, पण हवेला कुठून तरी वाट हवी. ती नसेल, तर भाता झपकन ताणल्यावर आत पोकळी होते आणि पातळ फिल्म जागची ओढली जाते. काकांनी जुन्या भात्यावरून कागदाचा साचा उतरवला. मागे रुंद आणि पुढे अरुंद असल्यामुळे प्रत्येक पट्टीचे माप वेगळे होते. नवा भाता बनायला तीन आठवडे लागले.

आता सुधारणेकडे येतो. काचेची निगेटिव्ह आज बाजारात सहज मिळत नाही. रूढ उपाय असा की कॅमेऱ्याची मागची चौकट कापून तिथे चार बाय पाच इंचांच्या आधुनिक फिल्म होल्डरची पाठ बसवायची. तसे केले की हव्या त्या फिल्मवर काम करता येते, पण मराठी आकड्यांचे ते सहा खण कायमचे निरुपयोगी होतात. मला दुसरी वाट सापडली ती क्ष-किरण फिल्मच्या मापांच्या यादीत. त्यात साडेसहा बाय साडेआठ इंच हे माप आजही आहे. रुग्णालये डिजिटल झाली, तरी दागेरचे माप अजून पुरते सुटलेले नाही.

अडचण जाडीची होती. फिल्म काचेपेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे खणात ती सैल पडते. पण खणाची रचना अशी असते की स्प्रिंग काचेला मागून दाबते आणि काचेचा संवेदनशील चेहरा पुढच्या खाचेला टेकतो. तेव्हा फिल्मच्या मागे साधी काच ठेवली की फिल्म बरोबर त्याच जागी बसते आणि दुधी काचेवर साधलेला फोकस बिघडत नाही. कॅमेऱ्याला एकही नवे भोक पाडावे लागले नाही. दुधी काच तडकलेली होती. साध्या काचेवर कार्बोरंडमची बारीक पूड आणि पाणी घालून दुसऱ्या काचेने घासली, की तासाभरात नवी तयार होते. घासलेली बाजू मात्र भिंगाकडेच हवी.

शटर थॉर्नटन-पिकार्डच्या धर्तीचे आहे. भिंगासमोर स्प्रिंगवर गुंडाळणारा कापडी पडदा, आणि तो चढवायला दोरी. पडदा कडक होऊन चिरला होता, तो बदलला. स्टुडिओत बहुधा त्याचीही गरज पडत नसावी. भिंगावरचे टोपण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि परत लावायचे, ही रीत सर्वत्र होती. क्ष-किरण फिल्मला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे ती लाल दिव्याखाली हाताळता येते. याच कारणाने कपाळावरचे कुंकू तिच्यावर काळेभोर उमटते. जुन्या फोटोंतली आपल्या पणज्यांची ठळक कुंकवे आठवा. तेव्हाच्या काचाही लाल रंगाला अशाच आंधळ्या होत्या.

या दुरुस्तीतला खरा पेच तांत्रिक नव्हता. नवा भाता चढवायचा म्हणजे जुना उतरवायचा, आणि जुना भाता हाच तर माझा दस्तऐवज. एक संग्राहक स्नेही म्हणाले, हात लावू नका, आहे तसा ठेवा. दुसरे म्हणाले, असली चामड्याचा विलायती भाता मागवा, पितळ घासून लखलखीत करा, किंमत चौपट येईल. पहिल्या सल्ल्याने कॅमेरा मुका राहतो. हॉटेलांच्या दारात शोभेसाठी उभे केलेले असे कितीतरी कॅमेरे मी पाहिले आहेत. दुसऱ्या सल्ल्याने तो खोटा होतो, कारण ‘असली’ म्हणजे कारखान्यातून निघाला तो दिवस, असे धरले तर पुढची साठ-सत्तर वर्षे मळ म्हणून पुसली जातात. सागाची कड, सायकलची ठिगळे, लग्नपत्रिका यांना मी मळ मानत नाही. विलायती यंत्र इथले झाले ते त्यांच्यामुळे.

शेवटी मी असे केले. जुना भाता घडीनुसार फोटो काढून, मापे टिपून, मलमलीत गुंडाळून कॅमेऱ्याच्याच पेटीत ठेवला. सागाची कड तशीच ठेवली. पितळ नुसते पुसले. नव्या भात्याच्या अस्तराखाली, एका पट्टीवर, काकांना त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहायला लावली. ते आधी संकोचले. पेटीत कोणी नाव लिहीत नाही, म्हणाले. मग दौतीच्या टाकाने सावकाश लिहिले.

महाराष्ट्रातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. फोटो आणि निगेटिव्हज निदान कोणीतरी विकत तरी घेतो. उधारीच्या वह्या, दुरुस्तीच्या पावत्या, सुताराच्या खुणा असलेले तिपाई स्टँड हे थेट भंगारात जाते. ज्यांच्या घरी अशी पेटी माळ्यावर असेल, त्यांनी ती देण्याआधी एकदा उघडावी. स्क्रू पाहावेत, फळ्यांचे सांधे पाहावेत, अस्तर सुटले असेल तर खाली डोकावावे. आणि घरातल्या जुन्या माणसाला विचारावे, हे बिघडले की तुम्ही कोणाकडे नेत होता? ते नाव लिहून ठेवावे. या इतिहासाला आज सर्वांत जास्त गरज अशा नावांची आहे.