फीड्रसच्या नीतिकथा : १७६५ची लॅटिन–इंग्रजी आवृत्ती

फीड्रस या रोमन कवीच्या पद्य नीतिकथांची ही द्विभाषिक आवृत्ती इंग्रज कवी क्रिस्टोफर स्मार्ट (१७२२–१७७१) याने तयार केली आणि ती १७६५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. तिच्या समोरासमोरच्या पानांवर मूळ लॅटिन संहिता आणि तिचा इंग्रजी पद्यानुवाद छापलेला असून, शिकणाऱ्यांसाठी शब्दांची व्याकरणिक फोड देणारी सूची शेवटी जोडलेली आहे. मराठी वाचकाला फीड्रसचे नाव क्वचितच ठाऊक असते, परंतु त्याच्या कथा मात्र लहानपणापासून ठाऊक असतात. मेंढराला खाण्यासाठी निमित्त शोधणारा लांडगा, मोराची पिसे लावून मिरवणारा कावळा, पाण्यातल्या प्रतिबिंबाला भुलून तोंडातला मांसाचा तुकडा गमावणारा कुत्रा, सारी शिकार स्वतःकडे ठेवणारा सिंह आणि हाती न लागलेल्या द्राक्षांना नावे ठेवणारा कोल्हा ही सारी मंडळी त्याच्या संग्रहात आहेत, आणि त्यांपैकी शेवटची दोन तर मराठीत म्हण व वाक्प्रचार होऊन बसली आहेत. या कथा आपण इसापच्या नावावर जमा करतो, पण इसापच्या हातचा असा कोणताही ग्रंथ उपलब्ध नाही. इ. स. पू. ३००च्या सुमारास दिमित्रिअस फलेरिअस याने ग्रीकमध्ये केलेला संग्रह नष्ट झाला असून, आज हाती असलेल्या इसाप-परंपरेतील नीतिकथासंग्रहांत फीड्रसचाच संग्रह सर्वांत जुना आहे. इसापनीतीच्या श्रेयाचा मोठा वाटा म्हणूनच या विस्मृत कवीकडे जातो.

फीड्रस इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. त्याच्या कथांच्या हस्तलिखितात त्याचा उल्लेख ऑगस्टस सम्राटाचा मुक्तदास, म्हणजे गुलामगिरीतून सोडवलेला सेवक, असा येतो. आपला जन्म मॅसिडोनियातील पिएरिया पर्वतावर झाल्याचे तो स्वतःच सांगतो; म्हणजे ग्रीक भाषाप्रदेशातून आलेल्या माणसाने लॅटिनमध्ये ही रचना केली. तिसऱ्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात त्याने नीतिकथेच्या उगमाविषयी एक मार्मिक विचार मांडला आहे : गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नसते, म्हणून तो ते प्राण्यांच्या तोंडी घालतो आणि थट्टेच्या आडोशाने शिक्षा चुकवतो. टायबेरिअस सम्राटाचा प्रबळ अधिकारी सेजानस (मृत्यू इ. स. ३१) याची आपल्यावर गैरमर्जी झाली, आणि फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकट्या त्यानेच बजावल्या, अशी तक्रारही तेथेच आहे. हे ध्यानात घेऊन पहिल्या पुस्तकातील लांडगा आणि मेंढरू यांची कथा वाचली, की ती केवळ मुलांच्या करमणुकीची उरत नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे असलेले मेंढरू वरचे पाणी गढूळ कसे करील, हा युक्तिवाद बिनतोड असूनही लांडग्यापुढे चालत नाही. आणि खोटी कारणे पुढे करून निरपराधांना चिरडणाऱ्यांविषयी ही कथा आहे, असे कवी शेवटी स्पष्ट सांगतो.

या कथांचे वृत्त ‘आयाम्बिक सेनारिअस’ या नावाने ओळखले जाते. लघूमागून गुरू (लगा) असा दोन स्थानांचा गण सहा वेळा घेऊन त्याची ओळ होते. पहिल्या पाच गणांत लघूच्या जागी गुरू, किंवा एका गुरूच्या जागी दोन लघू, अशी मोकळीक पुष्कळ असते, परंतु शेवटचा गण शुद्ध लगा असाच ठेवावा लागतो. लॅटिन पद्य मराठी-संस्कृत पद्याप्रमाणेच अक्षरांच्या ऱ्हस्वदीर्घ उच्चारकालावर चालते, आणि इंग्रजी पद्य आघातावर चालते. त्यामुळे ज्याच्या कानाला मोरोपंतांच्या आर्येची सवय आहे, त्याला या ओळींची चाल इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळावी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणारे माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात लघु-गुरूंच्या क्रमाचा आणि मात्रांच्या आवर्तनांचा जो काटेकोर विचार केला, त्याची परिभाषा हाताशी घेतली तर फीड्रसच्या ओळीचे विश्लेषण मराठीत नेमकेपणाने करता येते. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट. ही पदवी दिली.

संहितेचा इतिहास सरळ नाही. मध्ययुगात फीड्रसचे नाव मागे पडले आणि त्याच्या पद्यांचे गद्यात रूपांतर करून झालेला ‘रोम्युलस’ नावाचा संग्रह युरोपभर पसरला. मूळ पद्यसंहिता नवव्या शतकातील एका हस्तलिखितात टिकून राहिली. ते आधाराला घेऊन पिएर पिथू या फ्रेंच विद्वानाने १५९६ मध्ये त्र्वा येथे पहिली मुद्रित आवृत्ती काढली. ते हस्तलिखित आता न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

दोन भाषा एकत्र छापण्याची प्रथा नीतिकथांच्या बाबतीत मुद्रणकलेच्या बाल्यावस्थेइतकी जुनी आहे. हाइन्रिख श्टाइनहोवेल याचा ‘एसोपस’ हा लॅटिन–जर्मन सचित्र ग्रंथ १४७६च्या सुमारास उल्म येथे छापला गेला, त्यावरून फ्रेंच अनुवाद झाला आणि फ्रेंचवरून विल्यम कॅक्स्टनने १४८४ मध्ये इंग्रजी इसाप छापला. फीड्रसची मूळ पद्ये हाती आल्यावर त्यांचा उपयोग लॅटिनच्या पहिल्या पाठांसाठी होऊ लागला, कारण कथा आटोपशीर, शब्द नेहमीचे आणि वाक्यरचना स्वच्छ आहे. ल मेत्र द सासी याने पॉर-रॉयाल येथील शाळांच्या परंपरेतून १६४७ मध्ये लॅटिनशेजारी फ्रेंच अनुवाद असलेली आवृत्ती दिली. अठराव्या शतकात जॉन स्टर्लिंग या इंग्रज शिक्षकाने प्रत्येक कथेखाली तिचेच शब्द गद्याच्या क्रमाने मांडून दाखवले. संस्कृत काव्य शिकवताना श्लोकाखाली अन्वय देण्याची आपल्याकडची रीत नेमकी हीच आहे, आणि परक्या देशातील पंतोजीही त्याच अडचणीवर त्याच उपायाने मात करत होते, हे पाहून समाधान वाटते.

स्मार्टची आवृत्ती या शालेय परंपरेतली असली तरी तिचा अनुवादक स्वतः कवी आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय. केंब्रिजमध्ये शिकलेला हा विद्वान मनोरुग्णालयातील दीर्घ वास्तव्यानंतर १७६३ मध्ये बाहेर आला होता, कर्जात बुडाला होता, आणि पुढे १७७१ मध्ये ऋणकोंच्या तुरुंगातच मरण पावला. त्याने आठ अक्षरांच्या यमकबद्ध द्विपदी योजल्या. त्यामुळे अनुवाद चटकन पाठ होतो, पण फीड्रसच्या ओळीतला संयम त्यात सैल पडतो व यमकासाठी भरीचे शब्द येतात. समोरच मूळ छापलेले असल्याने ही भर वाचकापासून लपत नाही. द्विभाषिक पानाचा प्रामाणिकपणा तो हाच. हा अनुवाद पुढे हेन्री रायली याच्या गद्यानुवादासोबत १८५३ मध्ये पुन्हा छापला गेला.

मराठीत या कथा आल्या त्या गद्यातून. तंजावरचे सरफोजी राजे भोसले (दुसरे) यांच्या देवनागरी छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी पुस्तक छापले गेले, आणि छापील मराठी पुस्तकांतील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. मिशनरी श्वार्ट्‌झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाला युरोपीय विद्यांची ओढ होती. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ मुंबईत प्रसिद्ध झाली, आणि शाळांमधून ती महाराष्ट्रभर पोचली. इसापचा पौर्वात्य प्रवास मात्र याहून जुना आहे. जेझुइटांनी युरोपातून आणलेल्या ज्या छापखान्यावर १५८८ मध्ये गोव्यात एक लॅटिन भाषण छापले गेले, तोच पुढे जपानला गेला व १५९३ मध्ये आमाकुसा येथे त्यावर जपानी भाषेतील इसाप रोमन लिपीत निघाला. भारतात अशा कथा नव्या नव्हत्याच. लांडग्याच्या घशातील हाड काढणाऱ्या बगळ्याची फीड्रसची कथा जवसकुण जातकात सिंह आणि सुतारपक्षी यांच्याविषयी सांगितलेली आहे. मात्र पंचतंत्रात कथा गद्यात आणि तिचे सार श्लोकात असते. फीड्रसने कथा आणि सार दोन्ही एकाच वृत्तात बांधली. छत्र्यांच्या परंपरेत ती बांधणी सुटली व तात्पर्य स्वतंत्र परिच्छेद होऊन शेवटी आले. मुलांच्या वाचनासाठी हे सोयीचे होते, परंतु कवी म्हणून फीड्रस त्यात हरवला.

लॅटिन मूळ समोर ठेवून मराठी पद्यानुवाद करू पाहणाऱ्याला १७६५ची आवृत्ती एकटी पुरणार नाही. तिच्यात परिशिष्ट म्हणून दिलेल्या, गुडिअस या विद्वानाच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या कथा फीड्रसच्या मूळ रचना नसून मध्ययुगीन गद्यसंग्रहाशी जोडलेल्या आहेत. उलट, पंधराव्या शतकातील इटालियन पंडित निकोलो पेरोत्ती याने उतरवून ठेवलेल्या आणि इतरत्र न आढळणाऱ्या सुमारे तीस अस्सल कथा स्मार्टच्या वेळी छापल्याच गेल्या नव्हत्या. नेपल्समध्ये त्या १८०८च्या सुमारास प्रथम छापल्या गेल्या, आणि व्हॅटिकनमधील अधिक चांगल्या प्रतीवरून आंजेलो माई याने त्यांची संहिता १८३१ मध्ये प्रसिद्ध केली. बेन एडविन पेरी याने लोब ग्रंथमालेसाठी १९६५ मध्ये तयार केलेल्या लॅटिन–इंग्रजी आवृत्तीत पाच पुस्तकांना जोडून या कथाही एकत्र मिळतात. तिच्यातला अनुवाद गद्य असल्याने पद्यानुवादाचा अंदाज घेण्यासाठी स्मार्टचे पान शेजारी उघडे ठेवावे.