गाठ तोलाची, नाव कानाचं

मंडळी, या वीकेंडचा विषय डोक्याचा आहे. म्हणजे अगदी शब्दशः, डोक्यातला!

इतिहास म्हटलं की आपण राजे, लढाया आणि सनावळ्या काढून बसतो. मीही इथे महादजी शिंद्यांच्या जामगावपासून निघोजच्या रांजणखळग्यांपर्यंत बरंच काही लिहून झालंय. आज मात्र एका गाठीचा इतिहास. ही गाठ माझ्या डाव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूला लागून होती. आकार १९ मिलिमीटर. नाव अकूस्टिक न्यूरोमा. कॅन्सर नव्हे, पण जागा वाईट. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन करून काढली. डाव्या कानाने ऐकू येणं गेलं, चेहरा शाबूत राहिला, नंतरचे एमआरआय एकदम क्लीन.

आणि तरीही दुपार कलली की डोक्यात धुकं भरतं. चार ओळींचा कोड तीनदा वाचावा लागतो. अंधारात चालताना डावीकडे झोक जातो. पारनेरच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "काय राव, चांगला तर दिसतोयस!" दिसतो, खरंच. पण 'चांगला दिसतोय' आणि 'बरा आहे' यांत फरक आहे हे डॉक्टरी शास्त्राच्या कागदावर यायला किती वर्षं लागली, ते शोधत बसलो आणि त्याचाच हा लेख झाला.

पहिली गंमत नावातच आहे. कानाकडून मेंदूकडे जाणारी जी आठवी नस, ती म्हणजे एका पाइपातून गेलेल्या दोन केबली समजा. एक ऐकण्याची, दुसरी तोलाची. वायरीवर जसं इन्सुलेशन असतं तसं नसेवर श्वान पेशींचं वेष्टण असतं. ही गाठ त्या वेष्टणातून वाढते, आणि तीसुद्धा जवळजवळ नेहमी तोलाच्या केबलीवरच्या. पण पाइप अरुंद. गाठ वाढली की शेजारची ऐकण्याची केबल दबते, आणि माणूस पहिली तक्रार घेऊन येतो ती ऐकण्याची: एका कानाने कमी ऐकू येतं, कानात शिट्टी वाजते. म्हणून नाव पडलं 'अकूस्टिक'. म्हणजे दुखणं तोलाच्या नसेचं आणि पाटी कानाच्या नावाची! १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी सुचवलं की हिला 'वेस्टिब्युलर श्वानोमा' म्हणावं. तरी जुनं नाव काही सुटत नाही. माझ्या फाइलवरही तेच आहे.

आता सनावळी. १७७७ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला एडुआर्ड सँडिफोर्ट या शरीरशास्त्रज्ञाने एका बहिऱ्या माणसाच्या मृतदेहात ही गाठ पाहून तिचं वर्णन लिहिलं. पुढे शंभरेक वर्षं ती मेल्यानंतरच सापडायची. १८९५ मध्ये एडिंबरोला थॉमस अॅनंडेल यांनी पंचवीस वर्षांच्या एका गरोदर बाईची गाठ काढली. बाई जगली आणि पुढे बाळंतही झाली. पण हा अपवाद. १९१३ च्या सुमारास युरोपातल्या नावाजलेल्या सर्जनांचे आकडे असे होते की ऑपरेशन केलेल्या दर तिघांतले किमान दोघं दगावत. कुणाकडे तर ऐंशी टक्क्यांच्याही वर.

मग आले हार्वे कुशिंग. १९१७ मध्ये त्यांनी या एकाच गाठीवर अख्खं पुस्तक लिहिलं. गाठ पूर्ण न काढता आतून पोखरायची आणि वेष्टण तसंच ठेवायचं, ही त्यांची पद्धत. मृत्यूचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आलं. पण उरलेली गाठ पुन्हा वाढायची. त्यांचेच शिष्य वॉल्टर डँडी म्हणाले की नाही, पूर्णच काढायची. गाठ निघू लागली, पण चेहऱ्याची नस बहुतेकदा त्यात जायची आणि अर्धा चेहरा कायमचा लुळा पडायचा. त्यानंतर लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस. मूळचे दंतवैद्य, नंतर कानाचे सर्जन. १९६० च्या सुमारास त्यांनी ऑपरेशनमध्ये मायक्रोस्कोप आणला आणि चेहऱ्याची नस डोळ्यांनी पाहून वाचवता येऊ लागली. १९६९ मध्ये स्टॉकहोमला लार्स लेक्सेल यांनी कवटी न उघडता नुसत्या किरणांनी, म्हणजे गॅमा नाइफने, या गाठीवर उपचार केले.

आपल्याकडे न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. मुंबईत पन्नाशीच्या दशकात डॉ. राम गिंडे आणि केईएमचे डॉ. होमी दस्तूर यांनी पाया घातला. १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गॅमा नाइफ आलं. पण भारतातल्या सर्जनांनी लिहिलेले पेपर वाचले तर एक गोष्ट सारखी दिसते: आपल्याकडे रुग्ण येतात तेच मोठ्या गाठी घेऊन. कारण साधं आहे. एक कान गेला तरी दुसऱ्यावर भागतं. फोन उजवीकडे लावायचा, एसटीत डावीकडच्या खिडकीशी बसायचं, झालं! वर्षंच्या वर्षं निघून जातात.

या सगळ्यात यशाचा हिशोब कसा बदलत गेला बघा. आधी प्रश्न होता, माणूस जगला का? मग, गाठ पूर्ण निघाली का? मग, चेहरा वाचला का? चेहऱ्यासाठी १९८५ मध्ये हाउस आणि ब्रॅकमन यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आली. ऐकणं किती वाचलं यासाठी १९८८ मध्ये दुसरी आली. चक्करेचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो हे विचारणारी पंचवीस प्रश्नांची यादी १९९० ची. आणि खास याच गाठीच्या रुग्णांना तोल, थकवा, एकाग्रता, भीती हे सगळं एकत्र विचारणारी प्रश्नावली, पेन अकूस्टिक न्यूरोमा स्केल, आली २०१० मध्ये. सँडिफोर्टपासून मोजा. २३३ वर्षं!

यात कुणाला दोष नाही. माणूस मरत असताना त्याचा झोक कोण मोजणार? पण आमच्यासारख्या प्रोग्रामरांना हे चांगलं ठाऊक असतं की जे लॉगमध्ये येत नाही, तो बग 'नाहीच' असं सगळे धरून चालतात.

आणि रुग्णाचं ऐकलं की काय होतं, याचं उदाहरण याच इतिहासात आहे. व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी कान धुवायचे काम करत. एका रुग्णाने तक्रार केली की पाणी नीट कोमट नसलं की मला गरगरतं. बाराणींनी ते उडवून न लावता मुद्दाम गार आणि गरम पाणी घालून डोळे कसे हलतात ते पाहिलं. त्यातून आतल्या कानाची तोलाची तपासणी तयार झाली आणि १९१४ चं नोबेल मिळालं. (बातमी आली तेव्हा स्वारी रशियात युद्धकैदी होती!)

दुसरं उदाहरण तर स्वतः डॉक्टरचंच. क्षयावर घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसीनने एका अमेरिकन डॉक्टरची दोन्ही कानांतली तोलाची यंत्रणा गेली. १९५२ मध्ये त्याने 'लिव्हिंग विदाउट अ बॅलन्सिंग मेकॅनिझम' या नावाने आपलं जगणं लिहून काढलं, सहीच्या जागी नुसतं जे. सी. पलंगावर पडून वाचताना नाडीच्या ठोक्यागणिक अक्षरं उडायची, म्हणून तो पलंगाच्या दांड्यांमध्ये डोकं अडकवून वाचायचा. रस्त्यात समोरून ओळखीचा माणूस आला तर चालता चालता चेहरा ओळखू यायचा नाही, थांबावं लागायचं. मी हे वाचलं तेव्हा आमच्या आळीतले एक आजोबा आठवले. स्ट्रेप्टोमायसीन आपल्याकडेही क्षयाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं गेलं. आजोबांनाही 'टीबीच्या सुया' झाल्या होत्या आणि ते भिंतीला हात लावत चालायचे. सगळे म्हणायचे, म्हातारा पितो. त्यांच्या कानांची तपासणी कुणी केली नाही, त्यामुळे नक्की काय ते सांगता येणार नाही. पण जे. सी. चा लेख वाचल्यापासून ते 'पितो' माझ्या कानाला बोचतं.

आता धुक्याकडे येऊ. तोल सांभाळायला शरीराकडे तीन सेन्सर असतात: डोळे, पायाखालची जमीन आणि आतला कान. दोन्ही कान शांत बसल्यावरही मेंदूला सतत सिग्नल पाठवतात आणि मेंदू त्यातला फरक वाचतो. एक बाजू बंद पडली की मेंदूला वाटतं आपण फिरतोय. गाठ हळू वाढते तेव्हा मेंदू हळूहळू जुळवून घेतो, म्हणून ऑपरेशनआधी फार गरगरत नाही. उरलीसुरली केबल कापली की पहिले काही दिवस खोली गरागरा फिरते, मग काही आठवड्यांत थांबते. पण जे काम आधी आपोआप, बॅकग्राउंडला चालायचं ते आता लक्ष देऊन करावं लागतं. सीपीयू तोच, प्रोसेस एक वाढली. म्हणून आमच्या कांद्याच्या रानात नांगरलेल्या ढेकळांवरून दिवेलागणीला चालायचं असेल तर मी बोलू शकत नाही. डोळ्यांना अंधार, पायाखाली ढेकळं. तीनपैकी दोन सेन्सर गेले, तिसरा अर्धा. सगळं डोकं चालण्यात खर्च!

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २००५ मध्ये जर्मनीत थॉमस ब्रांट आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्ण तपासले, ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या तोलाच्या नसा अशाच गाठींच्या ऑपरेशनात गेल्या होत्या. कॉम्प्युटरवरच्या चक्रव्यूहात वाट लक्षात ठेवणं त्यांना जड गेलं आणि मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे सतरा टक्के लहान भरला. बाकीची स्मरणशक्ती मात्र ठीक होती. एकच बाजू गेलेल्यांत हिप्पोकॅम्पस असा लहान झालेला दिसला नाही, हेही सांगायला हवं (आई, हे वाच आणि शांत हो :-)). पण तोल आणि विचार हे वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत, एवढं नक्की कळलं.

उपाय? तोही जुनाच आहे. १९४० च्या दशकात लंडनचे कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांच्या लक्षात आलं की कानाच्या ऑपरेशननंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर जे रुग्ण पडून राहतात ते मागे पडतात आणि जे लवकर हालचाल करतात ते लवकर सुधारतात. त्यांनी व्यायाम बसवले: नुसते डोळे फिरवणं, मग मान, मग चेंडू झेलणं, मग डोळे मिटून चालणं. गंमत म्हणजे जे केल्याने गरगरतं तेच थोडं थोडं करायचं. मेंदूला चूक दिसल्याशिवाय तो दुरुस्ती करत नाही. गरगर थांबवणारी, गुंगी आणणारी गोळी पहिले काही दिवस ठीक, महिनोन्महिने घेतली तर हीच दुरुस्ती लांबते. मी रोज सकाळी गच्चीवर भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखून मान हलवतो. शेजारच्या काकूंना वाटतं पोरगा कशाला तरी सारखा नाही म्हणतोय. सहा महिन्यांत फरक पडला. सगळं गेलं नाही, पण जिना आता कठडा न धरता उतरतो.

शेवटचा मुद्दा भाषेचा. १९७२ मध्ये ड्रॅकमन आणि हार्ट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी 'डिझिनेस' या एका शब्दाखालच्या तक्रारी चार खणांत वेगळ्या केल्या: भोवताल फिरणं, शुद्ध हरपेल असं वाटणं, चालताना तोल जाणं, आणि नुसतं डोकं हलकं होणं. वाचून हसू आलं, कारण आमच्या आजीकडे हे खण आधीपासून होते! गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोक जातो, डोकं हलकं-हलकं होतं. प्रत्येकाला वेगळा शब्द. पण दवाखान्यात गेलं की सगळ्याची एकच 'चक्कर' होते. मला तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी "चक्कर येते का?" असं विचारलं गेलं. मला गरगरत नव्हतं म्हणून मी खरं तेच सांगितलं, नाही. कागदावर 'चक्कर नाही' असं आलं आणि विषय मिटला. झोक जातो का, हे कुणी विचारलंच नाही.

हा शब्दांचा प्रश्न नुसता दवाखान्यापुरता नाही. मागच्या कंपनीत अप्रेझलला माझ्या नावापुढे 'फोकस कमी' असं लिहिलं गेलं. आता स्थळं बघणं सुरू आहे, आणि आई हळूच म्हणते, ते डोक्याचं आधीच नको सांगायला. मी सांगतो. गाठीचंही, झोकाचंही, धुक्याचंही. दोन स्थळं परत गेली. तिसऱ्या मुलीने विचारलं, "म्हणजे नेमकं काय होतं?" हा प्रश्न इतका बरा वाटला की मी अर्धा तास बोलत राहिलो. पुढचं बघू!

तर मंडळी, एका कानाने कमी ऐकू यायला लागलं, एकाच कानात आवाज येत राहिला, तर 'मळ असेल' म्हणून सोडून देऊ नका. ऐकण्याची तपासणी करून घ्या, डॉक्टर म्हणाले तर एमआरआयही. बहुतेकांना ही गाठ नसते. वर्षाला लाखात एक-दोन जणांचीच सापडते. आणि दवाखान्यात 'चक्कर' असं एका शब्दात सांगू नका. गरगरतं की झोक जातो, अंधारी येते की धुकं भरतं, ते आपल्या घरच्या शब्दांत सांगा.

असो. बरंच लांबलं. पुढच्या वीकेंडला पुन्हा दगडधोंड्यांचा इतिहास, टाकळी ढोकेश्वरची लेणी. तिथल्या पायऱ्या चढून आलो की लिहितो.