बैठकीचं संगीत आणि मुंबई रेडिओ

'चेंबर म्युझिक' या शब्दाला आपल्याकडे उगाच साहेबी वास आहे. चेंबर म्हणजे खोली. तीन-चार वादक, समोर मोजके ऐकणारे, हुकूम सोडणारा संचालक नाही. एकाने सूर धरायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. म्हणजे जवळजवळ आपली बैठकच, फक्त तिथं सगळं आधी कागदावर लिहिलेलं असतं. आपल्या रेडिओच्या सुरुवातीच्या काळात या दोन्ही बैठका स्टुडिओत आल्या. त्यांचं पुढे काय झालं, ते मात्र वेगवेगळं आहे.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. चालवणारी खासगी कंपनी तीन वर्षांत बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. पुढच्याच काळात या केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम वॉल्टर कॉफमन पाहू लागला. हा कार्ल्सबादचा ज्यू, जन्म १९०७ चा. हिटलर आल्यावर जर्मनीत त्याच्यासाठी जागा उरली नाही. १९३४ मध्ये तो मुंबईला आला, कारण इथला व्हिसा सहज मिळत होता. हिजरत करणाऱ्याला गाव निवडता येत नाही. दार उघडं दिसेल तिथं तो जातो.

आल्याबरोबर त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' उभी केली. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. तीनेक वर्षांत शंभराहून अधिक मैफली झाल्या. श्रोते बहुतेक युरोपीय आणि पारशी.

मला त्याची दुसरी गोष्ट जास्त भावते. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्यात काहीच सापडलं नाही. पण ज्या संगीतावर इतकी माणसं जीव टाकतात त्यात खोट कशी असेल, खोट आपल्याच कानात असणार, असं म्हणून तो ऐकत राहिला. तंबोऱ्यावर व्हायोलिनने शिवरंजनीच्या सुरांत वाजणारी आकाशवाणीची धून त्याचीच मानली जाते.

उलटं उदाहरणही याच काळातलं आहे. मार्च १९४० मध्ये हार्मोनियमला रेडिओवर बंदी आली. तिच्या पट्टीत आपल्या श्रुती बसत नाहीत, असा युक्तिवाद होता. तिच्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हा इंग्रज संगीतकारही होता! हार्मोनियमवाल्यांचं नुकसान झालं, पण सारंगीला मान राहिला. दिल्ली केंद्रावर उस्ताद बुंदू खाँ होते. कारभारात पत्रस बुखारी आणि त्यांचे धाकटे भाऊ झुल्फिकार अली बुखारी यांचं वजन इतकं, की लोक 'बीबीसी' म्हणजे 'बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन' असा विनोद करत.

मग दारं मिटू लागली. १९४६ मध्ये सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं आलं आणि 'बदनाम' खासगी आयुष्याच्या गायिकांना मज्जाव झाला. कोठ्यांवर ठुमरी-दादरा जपणाऱ्या या बायकांत कित्येक मुस्लिम होत्या. १९५२ साली खातं बाळकृष्ण केसकरांकडे गेलं. शास्त्रीय संगीताला रेडिओवर भरपूर वेळ त्यांनी दिला, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला. हे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण उत्तरेकडचं संगीत बिघडलं ते मुस्लिम गवयांमुळे, असंही त्यांनीच लिहिलं. म्हणजे ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते संगीत सांभाळलं, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. परक्या मुलखातून आलेल्या कॉफमनने दोष स्वतःच्या कानाला दिला होता, आणि इथं जन्मलेल्या मंत्र्याने तो गाणाऱ्याच्या धर्माला दिला.

बुखारी बंधू पाकिस्तानात गेले. बुंदू खाँही गेले; १९५५ मध्ये कराचीत त्यांचा इंतकाल झाला. कॉफमनने १९४६ मध्येच मुंबई सोडली होती. इंग्लंड, कॅनडा करत तो अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला आणि १९६८ साली त्याचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. तोवर त्याची धून इथं रोज सकाळी वाजतच होती.