माध्यमांतर आणि जालन्याचा शिक्षक

कुंडलिकेच्या काठचे जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होते. संस्थानचा कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू हेच अध्यापनाचे माध्यम स्वीकारले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसी होता, हे नाकारता येणार नाही. त्यासाठी स्वतंत्र भाषांतरसंस्था उभारून पारिभाषिक शब्द घडविण्यात आले. मराठी मात्र तेथे विषय म्हणून होती, माध्यम म्हणून नव्हे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर मराठवाड्याच्या शाळांतून मराठी माध्यम रुजू लागले. त्या परिस्थितीत उर्दूतून शिकलेल्या शिक्षकासमोरचा पहिला प्रश्न अध्यापनपद्धतीचा नव्हता, शब्दांचा होता. 'मुसल्लस' म्हणून शिकलेली आकृती 'त्रिकोण' म्हणून फळ्यावर मांडायची. 'जुगराफिया'चा 'भूगोल' करायचा. मातृभाषा बोलता येणे निराळे, तीत गणित समजावणे निराळे! शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात या पुनःशिक्षणाची गणना क्वचितच होते. सनदा आणि अभ्यासक्रम यांचीच नोंद होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये स्थापन झाले, तेव्हा हे माध्यमांतर सुरू होऊन दशक उलटत आले होते.