दोन सिद्धार्थ, दोन नद्या

हर्मन हेसे या जर्मन लेखकाची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी 1922 साली प्रसिद्ध झाली. 1951 साली तिचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत निघाला आणि पुढच्या वीस वर्षांत, व्हिएतनामच्या युद्धाला विटलेल्या तिकडच्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली. 1972 साली तिच्यावर चित्रपट आला. शशी कपूरने त्यात सिद्धार्थाची भूमिका केली. आज आपला एखादा विद्यार्थी बुद्धाविषयी वाचू लागला की कोणीतरी हे पुस्तक त्याच्या हाती देतेच. विंचूरला आमच्या अभ्यासमंडळात आम्ही ही कादंबरी आणि बाबासाहेबांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ शेजारी ठेवून वाचला. त्यातून एक प्रश्न उभा राहिला. बुद्धाच्या नावाभोवती जे जे लिहिले जाते, ते सगळेच आपल्या मुक्तीच्या उपयोगाचे असते काय?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. हेसेचा सिद्धार्थ म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो ब्राह्मणाचा मुलगा आहे. ज्ञानाच्या शोधात तो घर सोडतो, श्रमणांत राहतो, जेतवनात बुद्धाला भेटतो. त्याचा मित्र गोविंद भिक्षुसंघात जातो. हा मात्र जात नाही. पुढे तो गणिकेच्या आणि व्यापाऱ्याच्या संगतीत संसार भोगतो, त्याला विटतो आणि शेवटी एका नावाड्याजवळ राहून नदीचे ऐकता ऐकता ज्ञानी होतो.

हेसेचे आजोबा हर्मन गुंडर्ट हे बासल मिशनचे पाद्री होते. मलबारात राहून त्यांनी मल्याळम भाषेचा मोठा कोश तयार केला. हेसेची आई 1842 साली तिकडेच, तलश्शेरीला जन्मली. स्वतः हेसे 1911 साली सिलोन आणि सुमात्रापर्यंत आला, पण भारतभूमीवर हिंडला नाही. म्हणजे त्याचा भारत हा घरातील आठवणींचा आणि ग्रंथांचा भारत. पहिल्या महायुद्धाने युरोपची जी राखरांगोळी केली, तिच्यातून त्याला आतल्या शांतीची ओढ लागली. ही ओढ खोटी होती असे मी म्हणणार नाही. बुद्धासमोर उभे राहूनही ‘तुझा अनुभव तुझ्या उपदेशातून मला मिळणार नाही’ अशा अर्थाचे बोलणारा नायक गुरुबाजीला नकार देतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाच्या जवळ जाणारीच ही वृत्ती आहे.

परंतु येथून पुढे आपली वाट निराळी होते. गणिका त्याला विचारते, तुला येते काय? तेव्हा विचार करणे, वाट पाहणे आणि उपवास करणे, हे तीन गुण तो मोठ्या अभिमानाने सांगतो. आमच्या मंडळात हे वाचून झाले तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. वाट पाहणे आमच्या आज्यांनाही येत होते. विहिरीपासून लांब, रिकामी घागर घेऊन, कोणी वरून पाणी वाढील म्हणून माझी आजी तासन् तास बसत असे. उपवासही तिला येत होता. 1972 च्या दुष्काळात तो न करता घडत होता. राहिला विचार, आणि त्याचीच तर बंदी होती. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. ज्याच्या घरी धान्य आहे त्याचा उपवास ही साधना ठरते. ज्याच्या घरी नाही त्याची ती उपासमार असते. ब्राह्मणाचे घर सोडल्यानंतर हेसेच्या नायकाच्या वाटेत जातीचा प्रश्न पुन्हा येत नाही. असा त्याग करायला हाती आधी काहीतरी असावे लागते.

त्याच्या ज्ञानाचा शेवट कोठे होतो तेही पाहू. पाप आणि पुण्य, जन्म आणि मरण, सगळेच आवश्यक, सगळेच जसे आहे तसे चांगले. हवी आहे ती फक्त आपली संमती. युद्धाने पोळलेल्या माणसाला हा विचार दिलासा देत असेल. पण ज्यांचे दुःख माणसांनी तयार केले आहे, त्यांना अशी संमती द्यायला सांगणे म्हणजे पूर्वकर्माचा जुनाच सिद्धांत नव्या भाषेत सांगणे होय. आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने साधाच प्रश्न विचारला, “सर, या नदीवर पाणी भरायला कोणीच येत नाही का?”

या प्रश्नाचे उत्तर मराठीतील बुद्धचरित्रांच्या परंपरेत सापडते. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी 1898 साली मराठीत बुद्धचरित्र लिहिले. 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती त्यांनीच ते दिले. 1940 साली धर्मानंद कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ आला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्राने घर सोडले, ही कथा कोसंबींनी इतिहास म्हणून मानली नाही. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे त्यांनी शस्त्र उगारून परस्परांशी भांडणाऱ्या माणसांकडे बोट दाखविले. बाबासाहेबांनीही तोच प्रश्न उचलला. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असे त्यांचे म्हणणे. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर, त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातही नदी आहे. तिचे नाव रोहिणी. शाक्य आणि कोलीय दोघेही तिच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या गड्यांत मारामारी होते. मार गडी खातात. युद्धाचा ठराव करतात ते जमीनवाले. शाक्यसंघात सिद्धार्थ त्या ठरावाला विरोध करतो, बहुमताने हरतो, तरीही शस्त्र धरायला नकार देतो. मग घराण्यावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती यांची धमकी येते. घरच्यांना त्याची झळ लागू नये म्हणून तो स्वतःहून परिव्राजक होऊन देश सोडतो. पुढे युद्ध टळल्याचे कळते, तरी तो परतत नाही. कारण राष्ट्राराष्ट्रांतील झगडा अधूनमधून होतो, वर्गावर्गांतील झगडा मात्र अखंड चालतो आणि जगाच्या दुःखाचे मूळ तेथे आहे, हे त्याला उमगलेले असते. हा गृहत्याग म्हणजे भर सभेत दिलेला नकार आहे.

हेसेचे पुस्तक निघाले त्यानंतर पाचच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्याले. हेसेच्या नायकाला पाणी ऐकायचे होते. आम्हांला ते आधी प्यायचे होते. 2 मार्च 1930 रोजी गोदावरीकाठी, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दरवाजे उघडले नाहीत. विंचूरवरून जो रस्ता पुढे येवल्याला जातो, त्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि मंदिराचा सत्याग्रह थांबविण्याचे ठरले. जेथे माणूस म्हणून जागा नाही ते घर सोडायचे, हा तो निर्णय. नागपूरच्या 14 ऑक्टोबर 1956 पर्यंत त्यासाठी एकवीस वर्षे अभ्यास झाला. हेही वाट पाहणेच होते, पण हात बांधून बसण्याचे नव्हे.

रोहिणीचे भांडणही संपलेले नाही. 2005 च्या कायद्याने नदीखोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. 2014 साली वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि आमचा जिल्हा व मराठवाडा समोरासमोर उभे राहिले. या वादात जमीनवाल्यांचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू येतो. भूमिहीनाच्या वाट्याचे पाणी किती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी हेसे अवश्य वाचावा. त्याची भाषा आणि त्याची तळमळ जाणून घ्यावी. पण त्याला धम्माचे पुस्तक समजू नये. बुद्ध म्हणजे डोळे मिटून घेतलेली शांती, असे ठसविणारे साहित्य आज फार खपते आणि ते सत्तेला अडचणीचे वाटत नाही. नदीकाठी बसून तिचा नाद ऐकणारा सिद्धार्थ एकट्याचा आहे. तिचे पाणी कोणाचे, हे सभेत उभे राहून विचारणारा सिद्धार्थ आपल्या सर्वांचा आहे.